हळदीची डबी

मंगरूळपीर, मंगळवार

संध्याकाळी टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत दोन फेरीवाल्यांनी एका बाईची सोन्याची पोत उजळायला घेतली. हळदीच्या डबीत बंद करून दिली, म्हणाले, ‘उद्या उघडा.’ डबीतून खडे निघाले. मी हसले.

शेजारची कमल, भाजी विकते ती, माझ्यासोबत बघत होती. ‘ताई, हासून काहून राह्यल्या?’

तिची पोत अशीच गेली, गेल्या वर्षी. तेव्हा ती डबी घेऊन आधी माझ्याकडेच आली होती. ‘आत्ताच उघडू का?’ मी घाईत होते. ‘उद्या म्हणाले ना? मग उद्या.’ तिची पोत उजळून देणारे ते दोघे अजून गल्लीतच होते. मी पाहिलं होतं.

नंतर चारचौघींत मीच तिला वेंधळी म्हटलं. डबी घेऊन आधी माझ्याकडे आल्याचं तिने कुणालाच सांगितलं नाही.

आज रोजचं ‘येतो ताई’ न म्हणताच गेली.