मामाच्या पायांचा भरवसा

आंधळगाव

ती. सौ. शोभाताईस,

तुझ्या टेकचंदचा साष्टांग नमस्कार (कागदावरचाच समज, जमिनीवर घातला तर उठवायला दोघं लागतील). तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमची लेक, नवरीबाई तृप्ती, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. फोनवर बोललो असतो, पण तू रडली असतीस, मग मीही रडलो असतो आणि चंद्रकांताने दोघांनाही रागावलं असतं. नवऱ्याच्या आजारावर रडायचा हक्क ती कुणाला देत नाही.

तर पाय गेले, ताई. म्हणजे जागेवर आहेत, दिसतात, पण मला काही कळवत नाहीत. साखरेने तळव्यांच्या नसा मारल्या, गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळा, असं डॉक्टरांनी हसतमुखाने सांगितलं. दिवसभर मुके असलेले हे पाय रात्री मात्र चुलीत घातल्यासारखे पेटतात. परवा बाजारातून एकाच चपलेने घरी आलो. चंद्रकांता म्हणाली, "पाय तुमचे हायेत का शेजाऱ्याचे?" आता रोज सकाळी आरशात तळवे बघतो (चेहरा बघायची हौस तशीही उरली नव्हती), आणि घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम आहे.

पण बूट घालून हातमागावर कसा बसू? बाबांनी मागाला कधी चप्पल लागू दिली नाही. म्हणून पाय धुऊन, नमस्कार करून अनवाणीच बसलो आणि तृप्तीसाठी मामाची पिवळी साडी विणायला घेतली. मागाखालच्या खड्ड्यात पाय दिसत नाहीत, पायडल पायानेच ओळखायचं असतं. माझा पाय दोन पायडलांवर एकदम पडला, ताण्याचे उभे धागे नीट उघडले नाहीत आणि आडवा धागा नेणारा धोटा त्यातच घुसून ते तोडत गेला. जोडले सगळे, पण साडीभर गाठी आहेत. मागासमोर बसून रडलो, हे तुलाच सांगतो. लोकांना डोळ्यांचं निमित्त सांगून माग झाकून ठेवला आहे. तिकडे बघवत नाही.

बाकी क्षेम. लग्नाला जोडीने येतोच.

तुझा,
टेकचंद

ता. क. : नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं, तेही अनवाणी. हा मान यावेळी आपल्या धाकट्या राजकुमारला द्यावा (त्याचे पाय अजून त्याच्याच ताब्यात आहेत). गर्दीत खाली न बघता चालणं मला जमत नाही. पडलो तर पोरीला घेऊन पडेन. खरं तर एवढं लिहायलाच हे पत्र.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तृप्तीचा फोन आला. चंद्रकांताने तिला सगळं आधीच सांगून टाकलं होतं. साडी गाठींचीच नेसणार म्हणाली. आणि म्हणाली, "मामा, हात माह्या हातात द्या. लोकं म्हणतीन, मामा नवरीले आणून राहिला. कोण कोणाले आणून राहिलं ते आपल्याले माहीत."

तेव्हा राजकुमारला काही बोलू नकोस. फक्त पोरीच्या हातात बांगड्या जरा कमी भरा, मला धरायला जागा हवी.