बुबुळावरचा ओरखडा

माय, गेल्या आठवड्यात माझ्या डोळ्याला मक्याचं पान लागलं. भाऊ म्हणत होता, तू शहरातली झालीस, कणसं मोडायला येऊ नको, बांधावर बस. मी ऐकलं नाही. कणीस ओढताना पान सपकन उजव्या डोळ्यावर आलं आणि मी तिथंच सरीत बसले. पाण्यानं धुतलं, तरी पापणीखाली वाळू अडकल्यासारखं वाटत होतं, डोळा उघडवत नव्हता. भावजय म्हणाली, "वन्सं, लाल झालाय लई." तेव्हा सगळ्यात आधी मला तू आठवलीस, आणि मग काका. काका आठवले तशी मी पिशवी भरली.

लासूरला येऊन दुपारच्या गाडीनं शहरात आले. स्टेशनवरून रिक्षा केली. मी पदरानं डोळा चोळतेय हे आरशात बघून रिक्षावाला म्हणाला, "आँख मत मलो अम्मा, और बढ़ जाता." घरी आले तर तुझ्या जावयानं आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली पुढं केली. "हे घाल, गार वाटेल." मी झाकण काढलं, मान मागं टाकली, आणि का कोण जाणे, हात तसाच राहिला. बाटली पिशवीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आधी बधिर करणारा एक थेंब टाकला, तसा डोळा आपोआप उघडला. इतकं बरं वाटलं की तीच बाटली घरी द्या म्हणाले. ती म्हणाली, "नाही मावशी, हा तपासण्यापुरताच. रोज घातला तर जखम भरतच नाही." मग कागदाच्या पट्टीनं पिवळा रंग डोळ्यात लावला, निळा दिवा धरला आणि बराच वेळ बघत राहिली. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्याची वरची साल निघालीय, म्हणाली. रंग तेवढ्याच जागी धरतो आणि हिरवा चमकतो, म्हणून ओरखडा दिसतो. साल दोन-तीन दिवसांत परत येते. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच तिनं विचारलं, "कशानं लागलं?" मक्याचं पान म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. "नखानं लागलं असतं तर मी इतकं बजावलं नसतं. पानानं लागलं की बुरशी धरायची भीती. रोज दाखवायला या. पट्टी बांधू नका, चोळू नका, मी दिलेल्या थेंबांशिवाय काही घालू नका." मी पिशवीतली बाटली दाखवली. तिनं नाव वाचलं. "ह्यात स्टेरॉइड आहे. हे घातलं असतं तर बुरशीला रान मोकळं झालं असतं."

तीन दिवस मी दर तासाला आरशासमोर जात होते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय का बघायचं, चांगला डोळा हातानं झाकायचा आणि कॅलेंडरवरचे इंग्रजी आकडे वाचायचे. एकदा आठाचा शून्य दिसला. माय, मी काकांनाच आरशात बघत होते.

मी दहावीला होते. ज्वारी काढताना काकांच्या डोळ्याला पान लागलं. सगळं गाव डोळ्यातला कचरा काढायला तुझ्याकडे यायचं. तू पाटावर बसवायचीस, पापणी उलटी करायचीस, जिभेच्या टोकानं कण अलगद उचलायचीस आणि पदराच्या बोळ्यावर फुंकर मारून शेक द्यायचीस. काकांनाही तसंच केलंस. कण काही निघाला नाही. "काई नाय वो भावजी, नुसतं खरचटलं असंल," म्हणालीस. काका परत रानात गेले. चौथ्या दिवशी आले तेव्हा त्यांना उजेड सहन होत नव्हता. तू पापणी वर केलीस आणि हात काढून घेतलास. "मला नाय जमायचं हे. शहराला न्या, आत्ताच्या आत्ता." नेलं, पण उशीर झाला होता. डोळ्यात पांढरं फूल पडलं, डोळा गेला तो गेलाच. काका तुला म्हणाले, "वहिनी, तुमचा काय दोस त्यात." तू चुलीपुढं बसून मला विचारलंस, कारण घरात शिकलेली मीच, "काय चुकलं गं माझं?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "जीभ लावलीस म्हणून झालं. घाण असते तोंडात."

त्यानंतर तू कुणाच्या डोळ्याला हात लावला नाहीस. माझ्या हळदीला डोळ्यात कुंकू गेलं तेव्हाही तू दोन्ही हात पदरात घेऊन लांब उभी होतीस आणि मावशीला सांगत होतीस, "पाणी मार, नुसतं पाणी मार."

चौथ्या दिवशी डॉक्टरनं निळा दिवा धरला आणि म्हणाली, "भरलं सगळं. कुठंच रंग धरत नाही." मी खुर्चीतून उठलेच नाही. तिला काकांचं सांगितलं आणि विचारलं, जीभ लावून कचरा काढला तर डोळा जातो का? ती म्हणाली, "करू नये. तोंडातले जंतू ओरखड्यात जातात. पण पानानं लागलं असेल तर नुसत्या पानानंही जातो. कशानं गेला, ते आता कोण सांगणार? लगेच दाखवलं असतं तर बहुतेक वाचला असता."

लगेच. घरी येईपर्यंत तो शब्द कानात होता. माय, तू आता नाहीस, हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. ज्वारीच्या रानात त्या दिवशी पाणी घेऊन मीच गेले होते. काका डोळा धरून बसले होते. म्हणाले, "पोरी, लासूरला डॉक्टरकडं जाऊन येऊ का?" आणि मी म्हणाले, "कशाला काका? माय काढती की." हाताला धरून मीच त्यांना आपल्या ओट्यावर आणलं. तू विचारलंस तेव्हा मला हे आठवत होतं. माझ्यावर येऊ नये म्हणून मी तुझ्या जिभेचं नाव घेतलं.