डाव्या पंपाची खरखर

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (तिसरा असता तर तोही जोडला असता, पत्राला चार महिने उशीर झालाय.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस की डॉक्टरांनाच शिकवतेस?

मला इस्पितळात ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं, हे वहिनीनं तुला फोन करून सांगितलंच असेल. माझा फोटो आता जिन्यात लागलाय. पण खरं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तळघरातले पाण्याचे पंप आमचे काका सांभाळतात. (काका कुणाचेच नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात.) रोज सकाळी ते पंपाला कान लावून उभे राहतात. नवीन माणसाला वाटतं, डुलकी लागली. मलाही वर्षभर तेच वाटायचं. मुलीच्या बाळंतपणासाठी ते आठ दिवस रजेवर गेले, तेव्हा माझ्या हातात एक कागद ठेवून गेले. त्यात चौथी ओळ होती : ‘डावा पंप खरखरतोय. मंगळवारी बेअरिंग बदलणे.’ मीही कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी ते काम गुरुवारवर ढकललं. पंपानं गुरुवारची वाट पाहिली नाही.

बुधवारी भर दुपारी तो अडकला. उजवा पंप सुरू करेपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी, सहाही मजल्यांवरचे नळ कोरडे. मग मी जो सुटलो! बादल्या घेऊन जिने चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. पहिली बादली शस्त्रक्रियेच्या मजल्यावर दिली आणि दुसरी थेट अधीक्षकसाहेबांच्या मोरीत, कारण ते तोंडाला साबण लावून, डोळे घट्ट मिटून, माझ्याच नावानं हाका मारत होते. (प्रशस्तिपत्रावर दुसऱ्या बादलीचाच जास्त परिणाम झाला असावा.)

ज्या बैठकीत माझा सत्कार ठरला, त्याच बैठकीत काकांची बदली नोंदणीच्या खिडकीवर ठरली. का, तर काका असताना अकरा वर्षांत पंपांबद्दल एकही तक्रार नाही. तिथे एवढा माणूस बसवून करायचंय काय?

काका परत आले. पंपाला कान लावला आणि म्हणाले, “नवीन बेअरिंग छान बसवलंस हो.” बस, एवढंच. आत्या, तू छडी मारायचीस ती परवडली.

मी तो कागद घेऊन तडक साहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी उठून माझी पाठ थोपटली. म्हणाले, “केवढी ही नम्रता!” आणि प्रशस्तिपत्रात तो शब्दही घालायला सांगितला. मी कपाळावर हात मारला. शेजारी शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या सिस्टर सही घ्यायला उभ्या होत्या. त्या कुणाला घाबरत नाहीत. म्हणाल्या, “साहेब, अकरा वर्षं मी हात धुताना नळाकडे वर बघितलेलं नाही. पाणी येईल का, हा विचारच कधी मनात आला नाही. गेल्या बुधवारी पहिल्यांदा आला, पेशंट टेबलावर असताना.”

साहेबांनी तो कागद ओढून घेतला आणि चौथी ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी बदलीचा हुकूम फाडला. काकांचा सत्कार झाला नाही, फोटोही लागला नाही. त्यांना त्यांच्या जागेवर राहू दिलं, हेच बक्षीस. ते मात्र असे खूश, की मलाच लाज वाटली. आता रोज मीही त्यांच्या शेजारी कान लावून उभा असतो. परवा पहिल्यांदा मला काहीतरी ऐकू आलं. इतका आनंद फोटो लागला तेव्हाही झाला नव्हता.

तुझा भाचा

ता. क. : ‘संकटात धीर कसा धरावा’ यावर मी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर अर्धा तास बोलावं, असं साहेबांनी ठरवलंय. तू मुख्याध्यापिका होतीस. एक भाषण लिहून पाठव. शनिवारच्या आत.

पुन्हा ता. क. : काका पोस्टावरून जाणार होते म्हणून पाकीट त्यांच्याकडे दिलं. त्यांनी पत्ता वाचला आणि म्हणाले, “आत्या मागच्या वर्षीच नव्या घरी गेल्या ना? तूच म्हणाला होतास.” पत्र तुला वेळेवर मिळालं, तर त्यात काही विशेष घडलं असं तुला वाटणारच नाही. म्हणून पत्ता बदलताना पाकीट उघडून हे लिहून ठेवतोय.