साडेचार बोटं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
आणि वर म्हणतो, काकू, मनाला लावून घेऊ नका! पत्रे उतरवायच्या ट्रेनिंगमध्ये अकरा जणांसमोर नापास करायचं आणि मनाला लावून घ्यायचं नाही. मग कुठं लावू? पंधरा वर्षं सिमेंटचे पत्रे उतरवलेत मी. हडपसर, भोसरी, येरवडा. शेड पाडायची म्हटलं की मथुराबाईला बोलवा. उजव्या हाताची अर्धी करंगळी पत्र्यानंच नेली. आणि हा जयसिंग सर, दहाच्या दहा बोटं शाबूत, हा मला पत्रा कसा उतरवायचा ते शिकवणार!
कारण काय, तर बाहेर येताना मी मास्क आधी काढला. नियम असा की आधी तो पांढरा सूट काढायचा, मग अंघोळ, आणि मास्क सगळ्यात शेवटी. मी आधी काढला कारण मला बोलायचं होतं. मास्क घालून माणूस बोलणार कसा?
सरांनी बघितलंसुद्धा नव्हतं. तनुजानं चुगली केली. चोवीस वर्षांची पोर, डिप्लोमा झालेली, आवाज असा की मांजर बरं. सर, काकूंनी मास्क आधी काढला, म्हणे.
तनुजाबाई, तुमचा हिशोब होणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
सर म्हणाले, ह्या वहीत रोज आपण काय शिकलो ते लिहा, कुणी बघणार नाही. चौथी शिकलेय, लिहीन. पण शिकण्यासारखं काही नाही म्हणून सुडाचं लिहिते.
लोणी काळभोरला एक बंद कारखाना आहे. त्याची शेड नियमानं उतरवायची. १४ तारखेला परीक्षा. जो पहिला येईल तो तिथं सुपरवायझर, नापास झाला त्याला गेटच्या आतसुद्धा घेणार नाहीत. सुपरवायझर मीच. तनुजाला मी झाडू देणार. लांब दांड्याचा नाही, आखूड.
आज मास्कची टेस्ट. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून आत कडू फवारा मारतात. मास्क नीट बसला असला तर चव लागत नाही. मला कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं. सर विचारतात, काकू, कडू लागतंय? तनुजा बघत होती. म्हटलं, अजिबात नाही.
पास.
नंतर चहा कडू लागला. चहावाल्याला झापलं. चहा टाकतो की कडुनिंब!

६ नोव्हेंबर, गुरुवार.
आज पडद्यावर फोटो. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं म्हणे, पत्रा फुटला की त्याची बारीक धूळ उडते, डोळ्याला दिसत नाही, छातीत जाऊन बसते. वीस वर्षांनीसुद्धा खोकला सुरू होतो. कपड्यांवरून घरीपण जाते. म्हटलं, सर, माझ्याकडे बघा. मी ठणठणीत. सर म्हणाले, घरी कुणाला खोकला? म्हटलं, नाही.
आमच्या ह्यांना आहे. पण तो बिडीचा. हे बिडी ओढत नाहीत, पण ह्यांचे मित्र ओढतात. हे टेलर आहेत, घरीच मशीन. पत्र्याला आयुष्यात हात लावला नाही. मी कामावरून आले की दारात माझी साडी तेवढी झटकून द्यायचे. गल्लीतल्या बायका जळायच्या. असा नवरा मिळायला नशीब लागतं.
सर उगाच घाबरवतात. फी वसूल करायची म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी.
सापडलं! सूड सापडला!
परीक्षेच्या दिवशी खोलीत एक पांढरी पावडर टाकणार. साधी, पिठासारखी, तिनं काही होत नाही. पण अंधार करून निळी टॉर्च मारली की हिरवी चमकते. बाहेर आल्यावर अंगावर एक ठिपका दिसला तरी नापास. म्हणजे खरी धूळ असती तर तीही अशीच बाहेर आली असती, हे कळायला.
सरांनी पाठ फिरवली तशी मी चुन्याच्या डबीत चिमूटभर घेतली. बरं, मूठभर घेतली. पोरगी न्हाऊन धुऊन बाहेर आली की पाठीवर हात ठेवायचा. शाब्बास पोरी म्हणायचं. झालं!
घरी येऊन दोनदा डबी उघडून बघितली. ह्यांना उबळ आली म्हणून पाठीवर थापलं. थापलं की आराम पडतो ह्यांना.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
तनुजा आज जवळ आली. म्हणाली, काकू, पट्टे अंबाड्यावरून घेऊ नका, खालून घ्या. आणि स्वतःच बसवून दिला मास्क. मग कडू फवारा मारला तर खरंच काही लागेना. वर म्हणते, त्या दिवशी मी सांगितलं कारण मला भीती वाटली, माझे पप्पा पण पत्र्याच्याच कामाला होते. होते, म्हणाली.
मी काही विचारलं नाही. गोड बोलून माझा बेत काढून घ्यायचा असेल.
बेत तोच. रोज घरी डबी काढून हाताला पावडर लावून सराव करते. किती लावली की दिसत नाही ते बघते. नात संस्कृती म्हणते, आजी, तू पीठ का चोळतेस? म्हटलं, गप, अभ्यास कर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.
पत्रा पाणी मारून भिजवला, न फोडता उतरवला, पिशवीत बांधला. सूट काढला, अंघोळ केली, मास्क शेवटी. बोलावंसं वाटलं होतं, बोलले नाही. तनुजा बाहेर आली. पाठीवर हात ठेवला. शाब्बास पोरी.
दिवे घालवले. सरांनी टॉर्च मारली. सगळे कोरे. तनुजाची पाठ वळली आणि टी-शर्टवर हिरवागार पंजा. अंगठा, तीन बोटं आणि एक अर्धं.
कुणीतरी मागून म्हणालं, साडेचार आहेत. मग हसले. मी हात पदराखाली घेतला. त्यानं काय होतंय!
मला वाटलं सर ओरडतील. ओरडले असते तर दोन शब्द ऐकवता आले असते. पण म्हणाले, काकू, आज आतलं काम तुमच्याइतकं चोख कुणाचंच नव्हतं. पहिल्या आला असतात. तनुजानं मला हात पुसायला रुमाल दिला. त्याचाच जास्त राग आला.
मी डबी काढून दिली, आठ तारखेला भरली म्हणून सांगितलं. मग सरांनी विचारलं, डबी इतके दिवस कुठं होती? म्हटलं, घरी. सरांनी निळी टॉर्च माझ्या हातात दिली. खिडक्या झाकून घरात फिरवा, म्हणाले, मग माझ्यावर रागवा.
तनुजा सुपरवायझर.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.
सरांना खोटं पाडायचं म्हणून खिडकीला चादर लावली. घर रोज दोनदा पुसते मी.
टॉर्च लावली. दाराची कडी हिरवी. माठाचं झाकण. मशीनचं चाक. संस्कृतीच्या दप्तराचा पट्टा. संस्कृती टाळ्या पिटायला लागली. मग ओरडली, आजी, आजोबांच्या पाठीवर तुझा हात!
ह्यांचा स्वेटर थंडीभर धुवत नाही. त्याच्यावर पंजे. एकावर एक, मोजवेना. सगळे साडेचार बोटांचे. हे म्हणाले, काय गं, काय दिसतंय? म्हटलं, काही नाही, धूळ. हे हसले. हसता हसता उबळ आली. थापायला हात उचलला आणि तसाच वर राहिला.
स्वेटर तीनदा धुतला. गेली पावडर. ती पिठासारखीच होती.
ही आठ दिवसांची. साडी पंधरा वर्षं झटकली ह्यांनी.

जयसिंग सर, हे पान फाडून तुम्हाला देते. बाकीची वही वाचू नका. सुपरवायझर कुणाला करायचं ते करा. मला एवढंच सांगा. आधी सूट, मग अंघोळ, मास्क शेवटी, हे पाठ झालं. पण ज्या माणसानं मास्क कधी घातलाच नाही, त्याच्या आत गेलेलं कसं काढायचं? आधी काय, मग काय, शेवटी काय? तुमच्या चार्टवर ते नाही. डॉक्टर कुठला, छातीचा फोटो कसला काढायचा, सगळं लिहून द्या. गुरुवार, २० नोव्हेंबर, पाच वाजायच्या आत. स्वतः यायला जमत नसेल तर तनुजाच्या हाती पाठवा. मी तिला काही बोलणार नाही.