वरच्या खोलीतला सर्व्हर

इचलकरंजी
दसरा, २००९

प्रिय निशावहिनी,

चालू झाला गं बाई एकदाचा! फोनवर तू सांगत गेलीस तसंच केलं, पण मधे जे रामायण घडलं ते कागदावरच सांगायला हवं.

आबांच्या मागांवर विणायच्या सगळ्या काठांची डिझाइनं त्या जुन्या कॉम्प्युटरात, आणि ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. डिस्क तर टकटक करायला लागलेली. ती गेली असती तर ऐन दिवाळीत माग बंद. म्हणून तुझ्या सांगण्यावरून नवा सर्व्हर तुमच्या लग्नापासून रिकाम्या पडलेल्या कृष्णातदादाच्या वरच्या खोलीत जुन्याशेजारी मांडला, घरातल्या नेटवर्कला जोडला आणि जुन्याची हुबेहूब नक्कल त्यात उतरवायला लावली. मधे बंद पडलं तर डिस्क पुन्हा उठेलच असं नाही, हे तू बजावलं होतंस. लोडशेडिंगसाठी मी इन्व्हर्टर लावला. आबांसाठी मात्र काहीच लावलं नव्हतं!

काल खांडेनवमी. हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. मी खाली झेंडूच्या माळा ओवत होते आणि आबा एकेक माग बंद करत, हळदकुंकू लावत वर पोचले. दोन्ही कॉम्प्युटरना हार घातले आणि बटणं बंद केली. वर मलाच सुनावलं, यंत्राला वर्सातनं एक दिस इसावा नको व्हय? मी अशी किंचाळले की गल्ली गोळा झाली.

आज सकाळी जुना लावला. टकटक, आणि पडदा काळा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कितीदा लावला देव जाणे, पण शेवटी उठला. मग नक्कल पुरी होईपर्यंत आबा दारात खुर्ची टाकून बसले, कुणाला जिना चढू देईनात.

नव्याच्या पडद्यावर एका चौकटीत जुनी विंडोज उघडली. त्यांचा रुईफुलाचा काठ जसाच्या तसा! व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते सांगितलं, तर म्हणाले, एका डब्यात दोगं ऱ्हात्यात आनि भांडत न्हाईत? मग विचारलं, तुला कुनी शिकिवलं?

मी तुझं नाव घेतलं. बौद्धाची पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत नको, असं लग्नाच्या वेळी म्हणाले होते ना, त्यानंतर त्यांच्यासमोर तुझं नाव कुणी काढलं नव्हतं. पडद्यावरचा काठ बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, वरची खोली हाय की, येऊ देत दोगं. चूल तेवढी येगळी मांडू.

माझं डोकंच फिरलं. माऊसवर हात ठेवून म्हटलं, वेगळी चूल असेल तर हे आत्ता पुसून टाकते, विणा काय विणायचं ते. पुसलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. आबा उठून खाली गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

परत आले ते हातात आपट्याचं पान घेऊन. तिला सोनं धाड, म्हणाले, जेवायला खालीच येऊ दे, समद्यांच्या पंगतीत. आज तुझ्या माहेरीही धम्मदीक्षेचा मोठा दिवस, हे त्यांना माहीत नसणार. फोनवरून पान धाडता येत नाही गं, म्हणून हे पत्र. पाकिटात आहे. ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, ते तू ठरव. परत आलं तर मीच त्यांच्या हातात नेऊन देईन, आणि तुला बोल लावणार नाही.

तुझीच नणंद,
प्रियदर्शनी