युन्शीची परीक्षा नसलेली परीक्षा

नानफांगआओच्या थोरल्या दादांना,

तैनानहून धाकट्या श्यू-ख्वेईचा नमस्कार. गुडघ्यांमुळे हल्ली अर्धंच वाकता येतं, उरलेला अर्धा नमस्कार मनानं पोचता करावा. तुमचा खोकला कसा आहे? बंदरावर वारा असताना कानटोपी घालता ना? वहिनींच्या तसबिरीपुढे एक उदबत्ती माझ्या नावानं लावावी. इथे सगळे ठीक आहोत (मांजर सोडून, ते परवापासून माझ्याशी बोलत नाही). पत्र नेहमीप्रमाणे लीच्यू वाचून दाखवीलच. सूनबाई, कंसातलंही वाच गं. ते गाळलंस तर माझ्या पत्रात राहतंय काय?

तर झालं असं, की आपल्या युन्शीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लेकीच्या बाईंनी शाळेतून निरोप पाठवला: मुलीची मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी. पोरगी दुसरीत. धडा घडाघडा वाचते, पण बाईंनी एक दिवस मधलीच ओळ वाचायला सांगितली, तर ही पहिल्या ओळीपासून सुरू झाली. बाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर पुस्तकात पान भलतंच उघडलेलं. लेक ऑफिसातून फोनवर रडली. मी मात्र कंबर कसली. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की मला काय करायचं ते ठाऊक आहे. युन्शीला घेऊन विद्येच्या वनछांग देवाच्या देवळात गेले, पुढ्यात कांद्याची पात आणि सेलरीची जुडी ठेवली (पातीच्या नावात हुशारी, सेलरीच्या नावात मेहनत, देवाला शब्दांचे खेळ आवडतात). तपासणीच्या सकाळी ताटात पिठाची तळलेली लांब काडी आणि शेजारी दोन उकडलेली अंडी मांडली, म्हणजे शंभर. पोरगी म्हणाली, "आज्जी, एक अंडं नको." मी म्हटलं, "गिळ. दहा मार्क घेऊन घरी यायचंय का?"

तपासणी केंद्रातल्या त्सेंगबाई आपल्या लीच्यूच्या वयाच्या, पायात कापडी सपाता, आवाज मऊ. त्यांनी टेबलावर लाल-पांढरे ठोकळे मांडले आणि चित्रातल्यासारखे जुळवायला सांगितले. मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. युन्शीचा हात चुकीच्या ठोकळ्याकडे गेला की मी खाकरायची. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा त्सेंगबाईंनी विचारलं, "आजी, खोकला झालाय का?" "खोकला नाही, मदत आहे," युन्शी म्हणाली. मग त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं, दार लावलं, चहा दिला. चहा चांगला होता, पण अपमान तो अपमानच.

बाहेर बसल्या बसल्या कळलं, की पलीकडच्या खोलीत मोठ्या माणसांचीही तपासणी होते. एकीला कामावर लक्ष लागेना म्हणून ती आलेली, एका आजोबांना विसरायला होतं म्हणून. मी विचार केला, बसभाडं पडलंच आहे, आपलीही करून घ्यावी. युन्शीचं आटोपल्यावर त्सेंगबाईंना तसं म्हटलं. त्या हसल्या, पण पुढच्या आठवड्यात खरंच वेळ दिली.

मला विचारलं, आज तारीख काय? मी चांद्र पंचांगातली सांगितली. बाईंच्या कपाळाला आठी. मी म्हटलं, तुमची भिंतीवरची तारीख बाजारात कोण विचारतं? मग म्हणाल्या, एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगा. आता दादा, बंदरावर वाढलेल्या बाईला हा प्रश्न विचारावा? मी बोनिटो माशापासून सुरुवात केली, बांगड्यावर आले, आणि बांगडा म्हटल्यावर आई आल्याच्या चकत्या घालून कसा वाफवायची ते सांगितल्याशिवाय पुढे कशी जाऊ? मिनिट बांगड्यातच संपलं. बाई म्हणाल्या, "आजी, प्राणी दोनच झाले." मी म्हटलं, "पण दोन्ही चविष्ट झाले." तात्पर्य, माझी बुद्धी शाबूत आहे, हे तुम्हाला कळवण्यात आनंद वाटतो.

मग युन्शीचा निकाल सांगायला त्यांनी लेकीला आणि मला बसवलं. मी विचारलं, मार्क किती? त्या म्हणाल्या, "आजी, परीक्षेत पोर पास की नापास ते कळतं. इथे पोर कुठे अडतं आणि कशानं पुढे सरकतं, ते शोधायचं असतं. म्हणून मी शाळेतल्या बाईंशी बोलले, आईशी बोलले, युन्शीबरोबर खेळलेही. एका आकड्यात मूल मावत नाही." युन्शीचं डोकं चलाख आहे, ऐकलेलं ती विसरत नाही, पण कागदावरची अक्षरं तिला धरता येत नाहीत, हातातून मासा सुटावा तशी सुटतात. म्हणून ती धडा बाकावरच्या शेजारणीकडून ऐकते, पाठ करते, आणि वाचल्याचं सोंग करते. आळस नाही, खोड नाही. तिला वेगळ्या रीतीनं शिकवावं लागेल, आणि शिकेल ती.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?" मी ताठ बसून म्हटलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." आणि दादा, तोंडातून शब्द निघाला न निघाला तोच मला डिझेलचा वास आला.

धक्क्यावर उलट्या ठेवलेल्या टोपल्या, आणि त्यावर आपण दोघं. बाबांची होडी परत यायची वाट बघत मी तुमचा धडा तुम्हाला वाचून दाखवायची (तुमच्यापेक्षा दोन इयत्ता खाली असून, किती मिरवायची मी). तुम्ही जाळ्याच्या गाठी मारत एकदाच ऐकायचात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात असा म्हणून दाखवायचात, की खिडकीबाहेरून आम्ही धाकटी पोरं ऐकत उभी राहायचो. मग एकदा गुरुजींनी तुम्हाला मधली ओळ वाचायला लावली. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, दोरी टोकाकडूनच ओढावी लागते." सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. तुम्हाला दुपारभर उन्हात उभं केलं आणि 'मठ्ठ' हे नाव सगळ्या बंदरानं उचललं. पुढच्या हंगामात तुम्ही होडीवर गेलात, आणि जाताना तुमची पेन्सिल मला दिलीत.

हे सगळं मी त्सेंगबाईंना सांगून बसले. सांगताना नाक पुसावं लागलं. त्या म्हणाल्या, "तो मुलगा मठ्ठ नव्हता, आजी. त्याला कुणीच विचारलं नाही, तुला काय दिसतं म्हणून." एवढंच. तुम्ही मठ्ठ नव्हता, दादा. इतकी वर्षं हे मी मायेनं म्हणत होते. आता शिकलेल्या बाईनंही म्हटलं आहे.

युन्शी आता आठवड्यातून दोनदा त्सेंगबाईंच्या ओळखीतल्या शिक्षिकेकडे जाते. वाळूत बोटानं अक्षरं काढते. काल दुकानाची पाटी स्वतः वाचली, 'तळलेलं टोफू', आणि वाचल्याबद्दल दोन प्लेटी खाल्ल्या.

थोरल्यांच्या प्रकृतीला जपावं. धाकटीचा लोभ आहेच.

तुमची,
श्यू-ख्वेई

ता. क. लिहायचं होतं ते हे. लीच्यूचा फोन आला होता. पहाटे उठून तुम्ही धक्क्यावर जाता, आणि बाबांची होडी अजून का आली नाही म्हणून लोकांना विचारता, असं ती म्हणाली. तिच्यावर रागावू नका. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी तुम्ही 'शाळेची परीक्षा पुन्हा नको' म्हणून टाळता, हेही कळलं. तिथे उन्हात उभं करत नाहीत, दादा. चहा देतात. तैनानला या, मी शेजारी बसेन.

ता. क. लीच्यू, हे मोठ्यानं वाचू नकोस. माझी बुद्धी शाबूत आहे असं वर लिहिलंय, पण त्सेंगबाईंनी मला पुढच्या हंगामात पुन्हा बोलावलंय. सकाळी ऐकलेले शब्द दुपारी आठवेनात, त्यावर मी बांगड्याचं पांघरूण घातलं होतं. एकटीनं जायची भीती वाटते. दादांना सांगू नकोस. पण ते यायला नाहीच म्हणाले, तर सांग. स्वतःसाठी ते यायचे नाहीत.