हात गार होते

कोपरी, सोमवार, १८ जानेवारी १९५४

बायजाताईंना तुळसाचा नमस्कार.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय. तुमच्या आईला मंगळवारी आरतीत चक्कर आली, एवढंच तुमच्या भावाने कळवलंय. आई धाडकन पडल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीसारखी देवी अंगात आली. कोणी वारासुद्धा घातला नाही. बायका कुंकू लावून, पाया पडून देवीला प्रश्न विचारू लागल्या.

मी पुढे होऊन आईंचे हात धरले. देवी आली की ते तापलेले असतात. त्या दिवशी गार होते, ओठ निळे पडलेले. मला कळलं होतं, ताई. तरी मी आधी विचारलं, "आई, मला पोर कधी होईल गो?" आणि उत्तराची वाट पाहिली. मगच डॉक्टरसाठी ओरडले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं असेल, पुन्हा पडल्या तर क्षणभरही थांबू नका. पडून किती वेळ झाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्ताच."

उद्या पुन्हा मंगळवार. आई आरतीला बसणारच म्हणतात. मी अगदी जवळ बसेन. पण ताई, त्या दिवशी मला उत्तर मिळालं नव्हतं. उद्या हात गार लागले, तर मी लगेच ओरडेन ना?

तुमची भावजय,
तुळसा